ऑक्टोबरात तलाव सोडा, बांध्या बघा (गोंदियाकडच्या एका दिवसाच्या नोंदी)

बांधीवरचा (सोमवार, रात्री ९.१०)

दसरा झाला, परतीचा पाऊसही एकदाचा गेला, आणि नेहमीची विचारणा सुरू झाली: "पाहुणे पक्षी आले का?" आले ना. पण सगळे जिथे दुर्बिणी रोखून बसतात तिथे नाही आले.

काल दिवसभर गोंदिया जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल. उजाडता उजाडता पाळीवर (तलावाच्या मातीच्या भिंतीवर) चढलो तर समोर नुसतं पाणी. तलाव सांडव्यापर्यंत भरलेला. काठाला चिखलाचा पट्टा नावालाही नाही, पाणी थेट बेशरमच्या झुडपांत शिरलेलं. मधे शिंगाड्याचे वेल, पलीकडे कमळं, आणि त्याच्याही पलीकडे काळे ठिपके. अडया होत्या, वारकरी होते, कमळपक्षी होते. हे सगळे घरचेच. थंडीतली बदकं म्हणावीत तर एक छोटा थवा, तोही उन्हाच्या तिरिपीत. त्याच्याबद्दल खाली लिहितो.

मग मी तलावाकडे पाठ केली आणि पाळ उतरून खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, गेलो.

हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून झालाय. कापलेल्या धानाच्या कडपा पडल्यात, काही बांध्यांत अजून घोट्याएवढं पाणी, काहींत नुसता राड. खरी जत्रा तिथे होती. ठिपकेवाले तुतवार बांधीबांधीला. पिवळे धोबी गुरांच्या पायांत. छोटे चिखले दोन पावलं पळतात आणि थांबतात, पळतात आणि थांबतात. पाणलावे तर दिसतच नाहीत. पाय टाकला की "स्क्रेप" करून पायाखालून सुटतात, वाकडेतिकडे उडतात आणि पुन्हा कुठेतरी गडप. धुऱ्यावरच्या (बांधीच्या बांधावरच्या) काडीवर गप्पीदास, बाभळीवर तपकिरी खाटीक. बेशरमच्या बुडाशी एक शंकर पक्षी क्षणभर दिसला, शेपटीच्या मुळाची तांबूस पट्टी दाखवून आत गेला.

उघड्या चोचीचे करकोचे पंधरा-वीस तरी होते. त्यातला एक पाळीच्या पायथ्याशी, माझ्यापासून फार तर वीस पावलांवर. ह्याला मात्र मी तासभर पाहिलं. पाण्यात चोच घालून चाचपडतो, गोगलगाय सापडली की तिला तळाशी दाबून धरतो, आणि खालच्या चोचीचं टोक झाकणीच्या कडेने आत सरकवतो. डोकं जरासं हलतं, बस्स. मग मांसाचा गोळा बाहेर. कवच फुटत नाही! अनेक जण सांगतात की चोचीतली फट ही अडकित्त्यासारखी कवच फोडायला असते. धुऱ्यावर पडलेली कवचं मी उचलून पाहिली, सगळी धडधाकट, आतून रिकामी. आणि ही फट जन्मजात नसते. पिल्लांची चोच सरळ मिटते, फट वाढत्या वयात येते.

दहाच्या सुमारास हार्वेस्टर आला आणि त्याच्यामागे गायबगळे, कोतवाल, साळुंक्या, दोन घारी. विजेच्या तारेवर नीलकंठही बसला होता. दसऱ्याला आमच्याकडे लोक त्याला शोधत हिंडतात, दसरा उलटल्यावर हा तारेवर बसून असतो आणि कोणी ढुंकून बघत नाही.

आणि उशिरा येणाऱ्या भारी धानाच्या एका बांधीत तिघं: सारसाची जोडी, सोबत यंदाचं पिल्लू. डोकं अजून बदामी, अंगाने आईबापाच्या खांद्याला लागलेलं. शेजारच्या बांधीतून माणसं जात-येत होती, त्यांची त्यांना फिकीर नव्हती. माझ्या कॅमेऱ्याची होती, म्हणून मी मागे फिरलो. गावाचं नाव न देण्याचं कारण हे.

बदकांचा तो थवा: चक्रांग की भुवईवालं बदक? फोटो धूसर आहेत. मी यादीत "बदक, नक्की नाही" असं टाकलंय. मत द्या.

नवा_भिडू (सोमवार, रात्री १०.०२)

दादा, मस्त! मी लाखनीला कॉलेजात आहे, यंदाच सुरू केलंय. बदकांमध्ये नर तर सोपा असतो ना? चक्रांगाचं डोकं तांबूस, डोळ्यामागे हिरवा पट्टा. भुवईवाल्याला पांढरी भुवई. मग अडचण काय?

वऱ्हाडी_चातक (सोमवार, रात्री १०.३०)

भिडू भौ, थो नर तुले ऑक्टोबरात भेटतच नाई. इनीनंतर नर आपले भारी कपडे उतरवते, मादीसारखा मळकट दिसाले लागते. उडाचे पिसंबी एकदमच गळतेत, मंग काई दिवस त्याले उडताच येत नाई. अशा टायमाले भडक रंग घेऊन बसला तं कोल्ह्याच्या तोंडी. थंडी पडली का मंग हळूहळू पुन्हा रंग चढते. म्हून आत्ता आलेले सारे बायकाच वाटतेत.

बांधीवरचे दादा, फोटो मी पायले. दुसऱ्या फोटोत उजवीकडून तिसरं पाखरू मोठं करून पाहा. चोचीच्या बुडाशी पांढुरका ठिपका, डोळ्यावर आन् डोळ्याखाली दोन्हीकडं गडद रेघ. मले तं भुवईवालंच वाटते. थे सगळ्यात अगोदर येनारं बदक हाये, ऑगस्ट-सप्टेंबरातच उतरते.

नोंदवही (मंगळवार, सकाळी ७.१५)

मला पटत नाही. त्याच फोटोत शेपटीखाली बाजूला फिकट पिवळसर रेघ दिसते, ती चक्रांगाची खूण. चेहऱ्यावरच्या रेघा चक्रांगालाही असतात, फक्त फिक्या. उडताना पंख दिसला असता तर प्रश्नच नव्हता: चक्रांगाचा आरसा (पंखावरचा रंगीत पट्टा) चकचकीत हिरवा, भुवईवाल्या मादीचा मळकट आणि दोन्ही बाजूंनी पांढरी किनार. उडतानाचा फोटो आहे का?

नसेल तर "बदक, नक्की नाही" हीच नोंद बरोबर. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर) तसा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो आणि आपल्याकडचे लोक तो वापरायला लाजतात. प्रत्येक ठिपक्याला नाव दिलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

दुसरं म्हणजे यादी पूर्ण टाकलीत का? कावळा, साळुंकी, होला, सगळं? वेळ, चाललेलं अंतर? पूर्ण यादी असली तरच "हा पक्षी तिथे नव्हता" असं पुढे कोणाला म्हणता येतं. नुसता सारस आणि शंकर टाकून मोकळे होणाऱ्यांच्या नोंदीतून तेवढंच कळतं की त्या माणसाला सारस आवडतो.

बांधीवरचा (मंगळवार, दुपारी १.४०)

पूर्ण आहे, ताई. कावळ्यासकट. तलावाची यादी वेगळी, बांध्यांची वेगळी. एकत्र केली असती तर माझं म्हणणंच पुसलं गेलं असतं. उडतानाचा फोटो नाही; मासेमार ढीवर दादांचा डोंगा शिंगाड्याकडे निघाला तेव्हा थवा उठला, पण पार पलीकडच्या टोकाला गेला.

खारफुटी (मंगळवार, रात्री ८.२०)

मूळची भंडाऱ्याची, नोकरीपायी अलिबागला. तुमचा धागा वाचून गंमत वाटली, कारण इथे सगळं गणित उलटं चालतं.

समुद्रावर चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. आम्ही घड्याळ बघत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी अर्धा किलोमीटर आत, उन्हाच्या झळांत थरथरणारे ठिपके. पूर्ण भरतीला गेलात तर चिखलच नाही, सगळे कुठेतरी खडकावर नाहीतर खाजणाच्या बांधावर एका पायावर झोपलेले. मजा मधल्या वेळेत. पाणी चढत येतं आणि चिखले, तुतवार, कुरव, सुरय सगळ्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्ही फक्त गप्प बसायचं. ऑक्टोबरातच सगळ्यात वर्दळ असते, कारण बरेच जण इथे राहायला आलेलेच नसतात, पुढे दक्षिणेकडे निघालेले असतात.

तुमच्या तलावाला भरती एकदाच, जून ते सप्टेंबर. ओहोटी मात्र पार मेपर्यंत चालते. मग चिखल कधी उघडा पडतो तुमच्याकडे?

बांधीवरचा (मंगळवार, रात्री ९.०५)

खारफुटीताई, नेमकं बोललात. आमची ओहोटी शेतकरी करतो. भारी धानाला शेवटचं पाणी द्यायला तूम (तलावाची पाणी सोडायची मोरी) उघडला की पातळी उतरायला लागते. डिसेंबरात काठ दिसतो, जानेवारी-फेब्रुवारीत खरा चिखल. पाणथळ पक्ष्यांची आशियाई गणना जानेवारीत असते, तेव्हा तलावावर बसणं ठीक. पण ऑक्टोबरात चिखल पाहिजे असलेला पक्षी तलावावर करणार काय? पाय टेकायला जागा नको? त्याला कापलेली बांधी लागते. महिन्याभरात बांध्या सुकतात, काही ठिकाणी उभ्या धानातच लाखोरी-जवस फेकलेली असते ती वर येते, आणि तोवर तलावाचा काठ मोकळा होतो. पक्षी बांधीतून तलावात सरकतात. हे दोन्ही एकमेकांना जोडलेलं आहे. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या लोकांनी पाखरांचा विचार केला नसेल, पण पाळ, पाट आणि बांधी अशी उतरंड त्यांनी करून ठेवली आणि पाखरं ती वापरतात.

म्हणून म्हणतो, "यंदा पक्षी कमी आले" असं ऑक्टोबरात पाळीवर उभं राहून कोणी ठरवू नये.

धानकरी (मंगळवार, रात्री ९.५०)

मी शेतकरी. गोंदियाचाच. बोलू का थोडं?

तुमी बांध्यात या म्हणता, या ना जी. पन धुऱ्यावरून चाला. मागल्या हंगामात फोटोवाले आले, कडपा तुडवून गेले. कडपा मंजे आमचं वर्षभराचं जेवन हाये, सतरंजी नाही. भारी धान उभा हाये तोवर त्यात पाय टाकू नका. आन् ऑक्टोबरात तुडतुडे पडतेत, फवारनी चालू राहते. वास आला त मागं फिरा, तुमच्यासाठीच सांगतो.

सारसाचं म्हनाल त आमी त्याले हाकलत नाही. घरटं बांधीतच करते, गवताचा ढीग, तेवढा धान जाते. जाऊ दे. पन गावाचं नाव टाकू नका हे बरं केलं.

वऱ्हाडी_चातक (मंगळवार, रात्री १०.१५)

काका, एकशे एक टक्के. पन एक शंका. नाव लपवून लपवून शेवटी कोनालेच म्हाईत नसलं तं थे जागा वाचवनार कोन? उद्या कोनी बेशरम काढाच्या नावाखाली तलावाचा सारा काठ जेसीबीनं साफ केला, तं इथं सारस होता हे कशावरून सांगनार?

नोंदवही (बुधवार, सकाळी ६.५०)

नोंद करणं आणि जाहीर करणं या दोन गोष्टी आहेत. नोंद पूर्ण आणि अचूक ठिकाणाची करा, लगेच उघडी करू नका. पिल्लू उडायला लागल्यावर करा. सारसाचं पिल्लू उडायला साधारण तीन महिने घेतं, म्हणजे हे अजून पायीच असणार. वनविभागाला मात्र आत्ताच कळवा, तेही लेखी. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलाय, विजेच्या तारांना लागून मेल्याच्या घटना झाल्यात, त्यामुळे तारा कुठून गेल्यात हेही लिहा. फोटो टाकताना मोबाईल त्यात ठिकाण चिकटवतो ते काढायला विसरू नका. अर्धे लोक गावाचं नाव लपवतात आणि फोटोतून अक्षांश-रेखांश देऊन टाकतात.

बांधीवरचा (बुधवार, दुपारी २.१०)

वनविभागाला कळवलंय, तारांच्या नकाशासकट. बेशरमबद्दल चातक भौशी अर्धा सहमत. ती काढलीच पाहिजे, गुरंही तोंड लावत नाहीत आणि तलाव गिळत जाते. पण ती हाताने, टप्प्याटप्प्याने काढून तिथे देवधान (रानटी धान) आणि पाण्यातली देशी गवतं लावायची असतात. भंडारा-गोंदियात ढीवर समाजातल्या बायकांनी काही तलावांवर हे काम करून दाखवलंय. जेसीबीने काठ खरवडला की बेशरम पुढच्या पावसाळ्यात परत येते आणि गवत येत नाही.

नवा_भिडू (बुधवार, रात्री ८.३०)

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर? मर्लिन, ते आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप, लावलं होतं काल आमच्या तलावावर, त्याने एकदम वीस-बावीस नावं दिली. काही तर कधी ऐकलीच नाहीत.

नोंदवही (बुधवार, रात्री ९.००)

मर्लिनने नाव दिलं म्हणजे पक्षी तिथे आहे असं नाही, तिकडे मान वळवून बघ एवढंच. कोतवाल नकला करतो, त्याने कितीतरी लोकांना शिक्रा ऐकवलाय. रेकॉर्डिंगसाठी महागडा माइक नको. फोन खिशातून काढ, विमान मोडवर टाक, वाऱ्याकडे पाठ कर, दोन मिनिटं श्वाससुद्धा बेताने घे. शेवटी तारीख, वेळ, ठिकाण स्वतःच्या आवाजात बोल. पक्ष्याला बोलवायला त्याचाच आवाज वाजवू नकोस, सारसापुढे तर अजिबात नाही.

बांधीवरचा (बुधवार, रात्री ९.२५)

माझ्याकडे सारसांच्या जोडगाण्याचं रेकॉर्डिंग आहे, पण मागे हार्वेस्टर. आधी नर लांब हाक देतो, मादी तिच्यात दोन-तीन तोकड्या हाका मिसळते, माना सरळ आभाळाकडे. कोण नर कोण मादी हे रंगावरून सांगता येत नाही, त्या हाकांवरून येतं. हार्वेस्टर काढून टाकायची खटपट मी करणार नाही. ऑक्टोबरातली बांधी अशीच ऐकू येते.

गावदवाखाना (बुधवार, रात्री ११.१०)

उगाच भीती घालत नाही, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर हा स्क्रब टायफस या तापाचा काळ. २०१८ला नागपूर भागात त्याची साथ आली होती. गवतातल्या बारीक चिगर माइटच्या अळ्या चावतात, चावलेलं कळतही नाही. गवतात बसकण मारू नका, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंघोळ आणि कपडे धुवायला. आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना "मी धुऱ्यावर हिंडलो होतो" हे आवर्जून सांगा. काखेत, कमरेला, जांघेत काळी खपली दिसते का बघा, ती बऱ्याचदा रुग्णालाच दिसलेली नसते. वेळेवर डॉक्सीसायक्लिन मिळालं तर बरं होतं. आणि कापलेल्या बांधीत उंदीर, उंदरामागे घोणस. गमबूट घाला, चपला नको.

वऱ्हाडी_चातक (गुरुवार, सकाळी ८.००)

पाखरांच्या नादात चतुर विसरले का बावा सारे? दुपारी उन्हात शेतावर पिवळसर चतुरांचा थवा दिसला असंनच. थो भटका चतुर. मालदीवमध्ये राहनाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं २००९ साली मांडलं, का हे चतुर भारतातून मालदीववरून थेट आफ्रिकेत जातेत, समुद्र ओलांडून. आन् त्याच सुमाराले अमूर ससाना नागालँड-मणिपूरकडून निंघते, मध्य भारतावरून येऊन अरबी समुद्र पार करते. वाटेत चतुर खात असंन असा अंदाज हाये. नोव्हेंबरात तारेवर बारका ससाना दिसला, लाल पायाचा, तं सोडू नका. आमच्याकडं समुद्र नाई म्हनता, पन समुद्रावर जानारे तं आपल्याच डोक्यावरून जाऊन रायले.

खारफुटी (गुरुवार, सकाळी ८.४०)

चातक भौ, ते चतुर आम्हाला इथे किनाऱ्यावर थव्याने दिसतात. तुमच्याकडची तारीख आणि इथली तारीख शेजारी शेजारी लावून पाहायला हवी. चतुरांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर (सगळ्या जिवांच्या नोंदींची वेबसाइट) टाकता का कोणी? मी टाकते.

नोंदवही (गुरुवार, सकाळी ९.१५)

टाका सगळ्यांनी. आणि नीलकंठाचीही नोंद करा, तो नेहमीचाच म्हणून सोडू नका. २०२३च्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला, त्यात नीलकंठाची संख्या इतकी घसरलेली दिसली की धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीतलं त्याचं स्थान पुन्हा तपासा अशी शिफारस करावी लागली. ही घसरण दिसली ती लोकांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या साध्या याद्यांमुळे.

नवा_भिडू (गुरुवार, दुपारी ४.००)

दादा, गावाचं नाव नको, पण एकदा सोबत न्याल का? आणि राजहंस बघायचेत, ते पट्टेवाले, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले.

बांधीवरचा (गुरुवार, रात्री ९.३०)

पट्टकादंबांना अजून वेळ आहे. ते मंगोलिया-तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतात, थंडी पडल्यावरच बघू. आणि योगायोग बघ, अर्जुनी मोरगाव तालुक्यातच १९७२पासून तिबेटी वसाहत आहे. तिथल्या एका आजोबांना मी फोटो दाखवला होता. ते फोटोकडे न बघताच म्हणाले, "हा आमच्याकडचा." पुढे अर्धा तास त्यांच्या गावच्या तलावाबद्दल बोलले.

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. मधल्या रविवारी नवेगावबांधला भेटू, ती जागा सगळ्यांना माहीतच आहे, लपवण्यासारखं काही नाही. तोवर भारी धानाचीही कापणी सुरू झालेली असेल, म्हणजे सकाळी तलाव आणि दहानंतर आजूबाजूच्या बांध्या, दोन्हीच्या वेगळ्या याद्या करू. धानकरी काका, तुम्ही येणार का? धुऱ्यावरून कसं चालायचं ते तुम्हीच दाखवा.

धानकरी (गुरुवार, रात्री १०.०५)

चुरना, मंजे मळनी, आटोपला त येतो. नाही त पोराले पाठवतो. त्याले पाखरांचे नावं माझ्यापेक्षा जास्त येतेत. त्याच्यासाठी एक दुर्बीन आना कोनी, आमच्याकडं नाही.

नवा_भिडू (गुरुवार, रात्री १०.२०)

माझ्याकडे कॉलेजची आहे, आणतो काका. रेल्वेने यायचं तर उतरायचं कुठे?

बांधीवरचा (गुरुवार, रात्री १०.३५)

गोंदिया-बल्लारशा लाइनवर देवलगाव. तिथून पुढे मी गाडी घेऊन येतो. पाणी, टोपी, गमबूट. आणि जर्दा पिवळा शर्ट घालू नकोस.